हरकी, कुश्ताश आणि खर्चाचा तक्ता

दिवाणी दाव्यात हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाचा खर्च भरून द्यावा, हे तत्त्व आज इतके अंगवळणी पडले आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. प्रत्यक्षात या तत्त्वाने प्रत्येक राजवटीत निराळे रूप घेतले. हरणाऱ्याने पैसे मोजावेत यावर जवळपास सर्वांचे एकमत राहिले, पण ते कोणाच्या पदरात पडावेत आणि कोणत्या हिशेबाने मोजावेत यावर कधीच एकमत झाले नाही. हा फरक पाहण्यासाठी दमणगंगेच्या खोऱ्यातील सिल्वासा आणि त्याला चिकटलेली डोकमर्डी यांसारखी गावे फार सोयीची आहेत, कारण दोन शतकांहून कमी काळात तेथील माणसाच्या डोक्यावरून मराठी, पोर्तुगीज आणि भारतीय असे तीन कायदे गेले, आणि मधली सात वर्षे तर हा मुलूख दिल्लीचाही नव्हता आणि लिस्बनचाही उरला नव्हता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नगर हवेली मराठी अंमलात होती. त्या काळच्या मराठी मुलखात वतनाचा, शेताच्या बांधाचा किंवा वडिलार्जित घराचा तंटा आधी गावात, मग परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांपुढे किंवा कमाविसदारापुढे आणि क्वचित पुण्याच्या न्यायाधीशापुढे जात असे. निवाडा गोतसभेने किंवा पंचायतीने करावयाचा असे. पंच बसण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे निवाडा मान्य करू अशी लेखी कबुली, आणि तिच्या पाठीशी जामीन घेतला जात असे. निवाड्यानंतर हरलेल्याला येजितखत लिहून द्यावे लागे, म्हणजे आपण खोटे ठरलो हे स्वतःच्या सहीने मान्य करावे लागे, आणि जिंकलेल्याला निवाडापत्र मिळे.

पैशाचा व्यवहार मात्र आजच्या वाचकाला चकित करणारा होता. हरलेल्याकडून सरकार ‘गुन्हेगारी’ घेत असे. हा शब्द आज फौजदारी अर्थाने रूढ असला तरी त्या कागदांत तो खोटा वाद मांडल्याबद्दलचा दंड होता. जिंकलेल्याकडून ‘हरकी’ घेतली जात असे, म्हणजे न्याय मिळाल्याच्या आनंदाची सरकारला द्यावयाची भेट. तिलाच काही ठिकाणी शेरणी असेही म्हणत. दोन्ही रकमा पक्षकाराची ऐपत पाहून ठरत, आणि त्या भरण्यासाठी वतनदार कर्जबाजारी झाल्याचे दाखलेही मराठी कागदपत्रांत सापडतात. थोडक्यात, दोघेही देत आणि सरकार घेत असे. जिंकलेल्या माणसाने आपला खर्च हरलेल्याकडून मागावा ही कल्पना या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी नव्हती, कारण न्याय ही सरकारने केलेली मेहेरबानी होती आणि मेहेरबानीचे मोल ज्याला ती मिळाली त्याने द्यावे, हे त्या काळच्या समजुतीला धरूनच होते.

तरीही खर्चाची एक बाब अशी होती की जिच्यात आजच्या नियमाचे बीज दिसते. प्रतिवादी बोलावूनही येत नसेल तर सरकार त्याच्या दारी प्यादा किंवा ढालाईत पाठवीत असे, आणि त्याच्या खर्चापोटी जी रक्कम त्या घरावर बसे तिला ‘मसाला’ म्हणत. ज्याच्या आडमुठेपणामुळे खर्च झाला त्याच्याच माथी तो मारावा, हा विचार येथे स्पष्ट आहे. फक्त तो निकालाशी जोडलेला नसून वागणुकीशी जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाणी प्रक्रिया संहितेला याच विचाराकडे परत यावे लागले.

या पद्धतीच्या मागे धर्मशास्त्राचा जुना आधार होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असे सांगितले आहे की, ऋण नाकारणाऱ्यावर ते सिद्ध झाले तर त्याने धनकोचे धन द्यावेच, शिवाय तेवढीच रक्कम राजाला द्यावी, आणि खोटा दावा आणणाऱ्याने दाव्याच्या दुप्पट रक्कम भरावी. वादी-प्रतिवादींनी पण लावला असेल, म्हणजे हरल्यास अमुक रक्कम देईन अशी पैज मारली असेल, तर दंडाबरोबर तीही वसूल व्हावी असे त्यात आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा टीकेमुळे ही वचने महाराष्ट्रात प्रमाण मानली जात. येथेही धनकोला त्याचे धन मिळते, पण न्यायसभेपर्यंत पोहोचण्यासाठी त्याने जो खर्च केला त्याची भरपाई वेगळी मोजलेली नाही.

नगर हवेलीचा मराठी अंमल संपला तोही एका भरपाईच्या निमित्ताने. १७७२ मध्ये मराठी आरमाराने संताना नावाच्या पोर्तुगीज युद्धनौकेचे नुकसान केले, आणि पुढे १७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी पोर्तुगिजांना दमणजवळचा बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचे कबूल केले. इंग्रजांच्या विरोधात पोर्तुगिजांची मैत्री टिकवावी हा हिशेबही त्यामागे होता. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी गावे हवाली झाली. पेशव्यांच्या दृष्टीने हा सरंजाम होता, म्हणजे महसूल खाण्याचा हक्क. राज्य करण्याचा हक्क नव्हे. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा भेद विचारणारा कोणी उरला नाही.

यानंतर सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे नांदू लागले. पलीकडे सुरत जिल्ह्यातील पारडी तालुक्यात आधी मुंबई सरकारचे १८२७ चे एल्फिन्स्टन रेग्युलेशन, मग १८५९ ची आणि अखेर १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली. अलीकडे नगर हवेली दमण जिल्ह्याचा भाग म्हणून पोर्तुगीज कायद्याखाली राहिली, आणि तेथे १८७६ ची आणि नंतर १९३९ ची पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहिता चालली.

पोर्तुगीज पद्धतीत खर्चाला ‘कुश्ताश’ म्हणत. त्यात न्यायालयाचा आकार, मुद्रांकित कागद म्हणजे ‘पापेल सेलादु’, साक्षीदारांचे आणि बजावणीचे पैसे हे सारे धरले जाई, आणि दावा चालू असतानाच पक्षकारांकडून ठरावीक आगाऊ रकमा भरून घेतल्या जात. निकालात न्यायाधीश हरलेल्याला खर्चाचा भार सोसण्याची आज्ञा करी, आणि मग न्यायालयाचाच हिशेबनीस पै-पैचा हिशेब मांडी. वकिलाच्या मेहनतान्यापोटी ‘प्रोकुरादोरिया’ नावाची एक वेगळी रक्कम धरली जाई. ती प्रत्यक्ष फीइतकी नसे, तर तिच्यातील वाटा म्हणून असे. याखेरीज जाणूनबुजून खोटी बाजू मांडणाऱ्याला ‘दुर्हेतूने वाद घालणारा’ ठरवून त्याच्याकडून दंड आणि विरुद्ध पक्षाची भरपाई अशी दोन्ही वसुली करण्याची तरतूद होती. मराठी गुन्हेगारीचे आणि आधुनिक भरपाईचे हे मिश्रण होते, आणि या लेखात आलेल्या सर्व पद्धतींत कागदावर तरी तीच सर्वांत नीटस वाटते.

कागदाबाहेर चित्र वेगळे होते. वारली, कोकणा आणि धोडिया समाजाच्या बहुसंख्य रहिवाशांना कायद्याची भाषा परकी होती. वरच्या न्यायालयासाठी दमण आणि अपिलासाठी गोवा गाठावे लागे, आणि दमणला जाण्याची वाटच मुळी परक्या हद्दीतून होती, कारण नगर हवेली, दादरा आणि दमण हे तिन्ही तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते. प्रवासाचे हे दिवस आणि बुडालेली मजुरी कोणत्याच कुश्ताशच्या यादीत येत नसे. जमिनीचे मोठे वाद होत ते १९१९ च्या शेतीविषयक पोर्तुगीज कायद्याखाली ‘आल्वारा’ मिळालेल्यांचे. आल्वारा म्हणजे जमीन कसण्याच्या अटीवर सरकारने कायमच्या पट्ट्याने दिलेली सनद. अशा आल्वारांचा आणि त्यांच्या रद्दबातलपणाचा एक वाद १९७४ च्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावरून उभा राहिला, सिल्वासाच्या न्यायालयातून मुंबईमार्गे दिल्लीला गेला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. एवढ्या काळात पक्षकारांच्या पिढ्या बदलतात, रुपयाची किंमत बदलते, आणि पहिल्या न्यायालयात लावलेल्या स्टॅम्पची रक्कम जिथल्या तिथे गोठलेली राहते.

जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले, आणि भारताने या मुलखाकडे जाणारी पोर्तुगीज वाहतूक अडवून धरली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र स्वीकारले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल केला. ही घाईच सांगते की सर्व तयारी आधी झालेली होती. डोकमर्डीच्या परिसरातून जगाच्या न्यायालयात गेलेला हा एकमेव वाद ‘भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्काचा खटला’ म्हणून ओळखला जातो.

भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी सांभाळली आणि भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महंमदअली करीम छागला बसले. वादाचा एक मोठा भाग मराठी शब्दांच्या अर्थावर लढला गेला. १७७९ च्या तहाने आणि नंतरच्या सनदांनी पोर्तुगालला सार्वभौमत्व मिळाले की केवळ जहागीर-सरंजाम, हे ठरवण्यासाठी पेशवेकालीन कागद हेगच्या न्यायाधीशांपुढे मांडले गेले, आणि न्यायालयाने मराठ्यांनी दिले ते महसुलाचे दान होते हे मान्य केले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगालचे सार्वभौमत्व वस्तुतः गृहीत धरले, असेही म्हटले. भारताने घेतलेल्या सहा प्राथमिक हरकतींपैकी चार २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालाने फेटाळल्या गेल्या, उरलेल्या दोन अंतिम निकालासाठी राखून ठेवल्या गेल्या, आणि १२ एप्रिल १९६० रोजी अंतिम निकाल झाला.

या निकालात कोण हरले, हे सांगणे सोपे नाही, आणि खर्चाच्या दृष्टीने हाच खरा पेच आहे. राखून ठेवलेल्या दोन्ही हरकतींवर भारत हरला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालला जाण्या-येण्याचा हक्क होता असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नव्हता असे ८ विरुद्ध ७ मतांनी. आणि १९५४ मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. हक्क सिद्ध झाला आणि त्याचा भंग मात्र सिद्ध झाला नाही. सिल्वासाच्या दिवाणी न्यायाधीशापुढे असा दावा असता तर तो ‘अंशतः मंजूर’ झाला असता आणि खर्च कोणावर टाकावा याचा विचार करताना त्यांना दोनदा लेखणी खाली ठेवावी लागली असती.

हेगमध्ये तो प्रश्न उठलाच नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीच्या ६४ व्या कलमानुसार, न्यायालयाने अन्यथा ठरवले नाही तर प्रत्येक पक्षाने आपापला खर्च सोसावयाचा असतो, आणि खुद्द न्यायालयाचा खर्च संयुक्त राष्ट्रे उचलतात. १९६० च्या निकालाच्या आज्ञार्थी भागात खर्चाचा शब्दही नाही. ‘अन्यथा ठरवले नाही तर’ ही सवलत आजपर्यंत कागदावरच राहिली आहे. २०१५ मध्ये कोस्टारिकाने निकाराग्वाकडून खर्च मागितला तेव्हाही न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. दोन सार्वभौम राज्यांत एकाला दुसऱ्याचा वकील-खर्च भरायला लावणे म्हणजे येजितखत लिहून घेण्यासारखे होईल, हे त्यामागचे न बोललेले कारण असावे.

१९५४ ते १९६१ या काळात मुलखाचा कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीने चालवला. ११ ऑगस्ट १९६१ पासून घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने दादरा व नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला, १९६१ च्या अधिनियमाने मुंबई उच्च न्यायालयाचे अधिकारक्षेत्र तेथे पोहोचले, आणि बदल होईपर्यंत जुने कायदे चालू राहिले. १९६३ च्या सहाव्या विनियमाने भारतीय कायदे लागू करण्याची व्यवस्था केली आणि १ जुलै १९६५ पासून दिवाणी प्रक्रिया संहिता सिल्वासात आली. गोव्यात ती त्यानंतर जवळपास वर्षाने, जून १९६६ मध्ये पोहोचली. कुश्ताश गेले आणि ‘कोर्टखर्च’ आला.

संहितेचे ३५ वे कलम इंग्रजी परंपरेतले आहे. इंग्लंडमध्ये १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने जिंकलेल्या वादीला खर्च मिळू लागला, जिंकलेल्या प्रतिवादीला तो हक्क मिळायला मात्र आणखी काही शतके लागली. अमेरिकेने १७९६ मध्येच उलट वाट धरली आणि वकिलाची फी ज्याची त्याने द्यावी असा नियम केला. भारतीय कलम सांगते की खर्च देववणे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे, तो सामान्यतः निकालामागून जावा, आणि तसा तो जाऊ नये असे न्यायालयाला वाटले तर त्याची कारणे लेखी द्यावीत. ‘निकालामागून’ म्हणजे जो जिंकेल त्याला.

कलम उदार दिसते, पण त्याचा प्राण हुकूमनाम्याच्या तळाशी असलेल्या तक्त्यात आहे. संहितेच्या परिशिष्टात हुकूमनाम्याचा जो नमुना दिला आहे त्यात वादी आणि प्रतिवादी असे दोन रकाने आहेत, आणि वादपत्राचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दस्तऐवजांचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी आणि समन्स बजावणीचा खर्च अशा ठरलेल्या ओळी आहेत. मूळ नमुन्यात आकडे रुपये, आणे आणि पै यांत भरावयाचे होते. यातील वकील फी ही पक्षकाराने दिलेली फी नसते. मुंबई इलाख्यात ती १९२० च्या प्लीडर्स कायद्याच्या परिशिष्टातील कोष्टकावरून, दाव्याच्या किमतीच्या प्रमाणात काढली जात असे, आणि मनाई हुकमासारख्या दाव्यात, जेथे किंमत नाममात्र धरली जाते, तेथे ती तितकीच नाममात्र निघते. पोर्तुगीज प्रोकुरादोरिया आणि हे कोष्टक यांची तत्त्वे वेगळी असली तरी फळ एकच: दोन्हींत हातात येते ते खर्चाचे प्रतीक असते.

खर्चाची वसुली हुकूमनाम्याच्या इतर रकमेसारखीच दरखास्त देऊन करावी लागते, आणि त्यासाठी बारा वर्षांची मुदत असते. पण शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे आणि नांगराचे बैल जप्तीतून वगळलेले आहेत, आणि पगारातला मोठा भागही. खर्चाच्या रकमेवर सहा टक्क्यांपर्यंत व्याज देण्याची मूळ तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने गेली. तक्त्यातील काही शे रुपयांसाठी नवी दरखास्त, नवा स्टॅम्प आणि बेलिफाच्या खेपा, हा व्यवहार जिंकलेल्याला क्वचितच परवडतो. तेव्हा मुख्य हुकूमनाम्याची बजावणी होते आणि तळाचा तक्ता तसाच राहतो.

खोट्या दाव्यांसाठी १९२२ मध्ये ३५-अ हे कलम घालण्यात आले. दावा किंवा बचाव जाणूनबुजून खोटा आणि त्रासदायक असल्याचे ठरले तर विरुद्ध पक्षाला भरपाई म्हणून जादा खर्च देववता येतो. मूळ मर्यादा एक हजार रुपयांची होती आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती तीन हजार झाली. अपील आणि पुनरीक्षणाला हे कलम लागू नाही. त्याच दुरुस्तीने ३५-ब आले, ज्यानुसार तारीख लांबवणाऱ्या पक्षाने त्या दिवसाचा खर्च दिल्याशिवाय त्याला पुढचे काम चालवता येत नाही. प्रतिवादीच्या दारी बसणाऱ्या मसाल्याचा हा कायदेशीर नातू म्हणता येईल. याज्ञवल्क्याची दुप्पट दंडाची आज्ञा कठोर होती, पण ती दाव्याच्या आकाराबरोबर वाढत होती. तीन हजारांचा आकडा दाव्याबरोबरही वाढत नाही आणि काळाबरोबरही नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसले नाही असे नाही. २००५ मध्ये सेलमच्या वकील संघाच्या खटल्यात त्याने म्हटले की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा, त्यात जिंकलेल्याचा वेळ, प्रवास आणि मुक्काम हेही धरावेत, आणि ‘ज्याने त्याने आपला खर्च सोसावा’ ही सवय सोडावी. पण दिल्लीच्या उच्च न्यायालयाने एका अपिलात ४५,२८,००० रुपयांचा प्रत्यक्ष खर्च देववला तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो रद्द केला, कारण नियम बदलल्याशिवाय न्यायाधीशाला नियमापलीकडे जाता येत नाही. तत्त्व आणि कोष्टक यांच्या झगड्यात कोष्टक जिंकले. विधी आयोगाने २०१२ मध्ये आपला २४० वा अहवाल केवळ दिवाणी खर्चावर लिहिला.

कोष्टक मोडले ते फक्त एका दालनात. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने व्यापारी वादांसाठी ३५ वे कलम नव्याने लिहिले: हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सामान्य नियम झाला, वकिलाची प्रत्यक्ष फी त्यात आली, पक्षकारांची वागणूक आणि तडजोडीचा वाजवी प्रस्ताव धुडकावला गेला की नाही हेही पाहावयाचे ठरले, आणि ३५-अ मधील रकमेची मर्यादा त्या वादांपुरती काढून टाकण्यात आली. २०१८ मध्ये या कायद्याची किमान किंमत एक कोटीवरून तीन लाखांवर आली, त्यामुळे सिल्वासाच्या औद्योगिक पट्ट्यातील सूत-प्लास्टिकच्या कारखान्यांचे पुरवठ्याचे आणि थकबाकीचे बरेच वाद त्याच्या कक्षेत येतात. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशातील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि निर्धन ठरलेल्याला स्टॅम्प न भरता दावा लावता येतो, पण हरल्यास तो स्टॅम्प सरकार त्याच्याकडून वसूल करू शकते. आज डोकमर्डीतल्या एखाद्या कारखानदाराने बिलाच्या वादात खोटा बचाव घेतला तर त्याच्यावर बसणाऱ्या भरपाईला वरची मर्यादा नाही. शेजारच्या गावातील वारली शेतकऱ्याविरुद्ध कोणी त्याच्या बांधाबद्दल खोटा दावा आणला आणि तो दहा वर्षांनी फेटाळला गेला, तर त्या शेतकऱ्याला ३५-अ खाली देववता येणारी कमाल रक्कम १९७६ च्या दुरुस्तीने ठरवलेली तीन हजार रुपयेच आहे.